ओकुनोशिमा
जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील, हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा शहराच्या हद्दीतले लहान बेट. परीघ सुमारे ४ किमी. तादानोउमी बंदरातून फेरीबोटीने साधारण १५ मिनिटांत पोचता येते. १९२९ पासून १९४५ पर्यंत जपानी लष्कराने येथे मस्टर्डसारखे विषारी वायू गुप्तपणे बनवले. त्यासाठी बेट नकाशांवरूनही वगळले होते. हे वायू चीनमध्ये वापरले गेले आणि येथील कामगारही आजारी पडले. विषवायू संग्रहालय १९८८ मध्ये उघडले. पर्यटक मात्र बहुधा येतात ते मोकाट सशांसाठी. हे ससे विषवायूच्या प्रयोगशाळेतल्या सशांचे वंशज असल्याची कथा रंजक, पण तिला आधार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कोणीतरी सोडलेल्या पाळीव सशांची ही प्रजा मानतात. कुत्र्या-मांजरांना बेटावर बंदी आहे. जुनी वीजघराची इमारत पाहण्यासारखी.