जर-तरचं इंग्रजी

लिंडली मरे हा मूळचा अमेरिकी वकील. इंग्लंडात यॉर्कला स्थायिक झाल्यावर तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यानं १७९५ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात अट दाखवणाऱ्या वाक्यांसाठी क्रियापदाचा वेगळा ‘अर्थ’च (म्हणजे इंग्रजीतला ‘मूड’) सांगितला होता. त्यासाठी ‘इफ ही बी’ असं रूप दिलं होतं, ‘इफ ही इज’ नव्हे! त्या शाळेतल्या मुलींची मला कीवच येते.

शाळेत आमच्या हाती आलं ते तर्खडकरांचं इंग्रजी शिकवणारं भाषांतराचं पुस्तक. वर मराठी वाक्य, खाली आपलं इंग्रजी. पुढे मी शिक्षक झालो तेव्हा ‘अनलेस वापरून वाक्य बदला’ या प्रश्नानं नववी-दहावीचा जीव घेतला होता. गुण मिळायचे, बोलणं मात्र तसंच राहायचं.

पोरं ‘इफ यू विल कम’ म्हणणारच. मराठीत ‘तू येशील तर मी थांबेन’, दोन्हीकडे भविष्यकाळ! ‘केला असता तर झाला असता’ यातही दोन्हीकडे ‘असता’, म्हणून ‘वुड हॅव’सुद्धा दोनदा पडतं. मी फळ्यावर आधी मराठी वाक्यंच लिहायचो. तपासणीला आलेल्या साहेबांना ते रुचायचं नाही.