चंदी, वीज आणि डिझेल : मुंबईच्या अवजड गाड्यांचा खुराक

भरलेली बैलगाडी चिखलातून काढण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. बैल मान खाली घालून जोर करतात, गाडीवान चाकाला खांदा लावतो, आणि एकदा का गाडी हलली की तेच बैल ती कोस-दोन कोस बिनबोभाट ओढीत नेतात. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जड! मुंबईसारख्या शहरात तर गाडी चार-पाचशे पावले जाते न जाते तोच थांबते. तेव्हा तिथे चंदीचा, विजेचा किंवा तेलाचा मोठा वाटा ह्या हलविण्यातच जातो. तो कसा वाचवावा, ह्या एका प्रश्नाच्या अंगाने गिरगाव, लालबाग, परळ, दादर ह्या वस्त्यांतील वाहनांचा इतिहास पाहावयाचा आहे.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून पायधुणीला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोड्या जोराने फिरते, त्यामुळे सडकेवर ज्या घोड्याला चार-सहा माणसांची गाडी पुरे होते, त्याच्याकडून रुळावर कितीतरी अधिक माणसे ओढवता येतात. पण ही सोय गाडी चालू असताना. दर थांब्याला तिला नव्याने झटका द्यावयाचा तो घोड्यानेच. एका गाडीला एक किंवा दोन घोडे जुंपीत. तरी कंपनीच्या पागेत सुरुवातीला ९०० घोडे असल्याचे सांगतात. इतके कशाला? घोडा दिवसातून थोडेच तास असे काम करू शकतो, मग जोडी बदलावी लागते. आणि पागेत उभ्या असलेल्या घोड्यालाही चंदी लागतेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे डिझेलच्या गाडीतही ती भेटणार आहे.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. घोडे गेले, वीज आली, एवढेच सांगून शाळेतली पुस्तके पुढे जातात. खरी करामत होती ती मोटर आणि चाक यांच्या दरम्यान. विजेच्या मोटरीचा गुण असा की ती उभ्या स्थितीतूनच पुरा जोर लावते, म्हणून तिला गिअर बदलावे लागत नाहीत. एक दातेरी चाक आसाला जोडले की झाले. पण उभ्या मोटरीला एकदम पुरा दाब दिला तर ती जळून जाईल. म्हणून मध्ये प्रतिरोधाच्या पट्ट्या घालीत, आणि त्यांत वीज नुसती तापून फुकट जाई.

यावर त्या काळच्या इंजिनियरांनी काढलेली तोड जगभरच्या ट्रामगाड्यांत रूढ झाली. गाडीखाली मोटरी दोन. गाडी सुटताना त्या एकीपुढे एक, म्हणजे एकसर जोडावयाच्या. एकच प्रवाह दोघींतून फिरतो आणि दोघींकडून काम करून घेतो. गाडीने वेग घेतला की त्याच मोटरी समांतर जोडावयाच्या. मोटरमन पितळी मूठ एकेक खाच पुढे सरकवतो तेव्हा आत हाच बदल घडत असतो. एवढ्या साध्या जोडणीने पट्ट्यांत जळणारी वीज सुमारे निम्म्यावर येते. शिक्षकबंधूंनी दोन लहान दिवे आणि एक बॅटरी घेऊन एकसर व समांतर जोडणी वर्गात जरूर करून दाखवावी. मुलांना ट्रामचे मर्म कळेल.

१९२० साली दुमजली ट्राम आली. एकाच सांगाड्यावर अधिक उतारू बसले, म्हणजे माणशी ओझे कमी झाले. गिरणीचा भोंगा होण्याआधी परळला पोचावयाचे असलेल्या कामगाराला जोडणीची विद्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला भाडे परवडत होते ते ह्या विद्येमुळे.

मोटरबस १५ जुलै १९२६ रोजी आली, दुमजली बस १९३७ साली. बसला रूळ लागत नाहीत, वाटेत अडथळा आला तर ती बाजूने निघून जाते. वाढत्या रहदारीत रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्या ट्रामला हे साधेना, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. 'दादर टीटी' ह्या नावातला ट्रामचा टी तेवढा मागे राहिला. तो निर्णय मूर्खपणाचा होता असे आज म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. पण तो रस्त्याच्या सोयीचा निर्णय होता, इंधनाच्या हिशेबाचा नव्हता, हे मात्र खरे.

हिशेब असा. भरलेली बस १६ टनांची धरा, वेग ताशी ३६ किलोमीटर. तिच्या अंगी तेव्हा जी गती असते तिची किंमत विजेच्या मापाने सुमारे पाव युनिटापेक्षा थोडी कमी भरते. ब्रेक लागला की ती सगळी चाकाच्या उष्णतेत नाहीशी! एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते आणि चांगले इंजिनसुद्धा त्यातील तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच चाकाला देते. म्हणजे साधारण १५ वेळा थांबून सुटण्यातच एक लिटर तेल गेले. त्यातून डिझेलचे इंजिन मंद फिरताना जोर धरीत नाही, म्हणून क्लच आणि गिअर. आणि लालबागच्या गर्दीत गाडी नुसती उभी असली तरी इंजिन घुरघुरत तेल पीतच असते. पागेतल्या घोड्याची चंदी ती हीच. पुढे सीएनजी आली, धूर कमी झाला. पण इंजिन, क्लच, गिअर ही वाट तीच राहिली.

मालट्रकची गोष्ट वेगळी. लासलगावहून कांदा घेऊन वाशीच्या बाजारात येणारा ट्रक सपाटीवर तासन् तास थांबत नाही. त्याला वरच्या गिअरमध्ये, इंजिन मंद फिरवीत चालणे स्वस्त पडते, आणि त्यासाठी मागच्या आसातील दातांचे प्रमाण तसे ठेवावे लागते. मात्र तेच प्रमाण जड ओझ्यानिशी चढावर अपुरे पडते, म्हणून गिअरबॉक्समध्ये खालचे गिअर पुरेसे हवेत. शहराच्या बसचे दाते ट्रकला घातले तर तो हमरस्त्यावर तेल उधळील. ट्रकचे बसला घातले तर ती दर थांब्यावर कण्हेल.

मधल्या काळात, १९६२ ते १९७१, मुंबईत रुळांवाचून तारेच्या विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीबस होत्या. तो प्रयोग फार फोफावला नाही. १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची डिझेलची दुमजली बस निवृत्त झाली. त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बोरीबंदरच्या त्याच परिसरातून विजेची दुमजली बस सुरू झालेली होती. ट्रामप्रमाणे तिलाही गिअर बदलावे लागत नाहीत, आणि उभी असताना तिची मोटर काही खात नाही. वर एक अधिक गोष्ट आहे : वेग कमी करताना मोटर उलट जनित्र बनते आणि गतीचा काही भाग बॅटरीत परत जातो. दादरवरून धावणाऱ्या लोकल गाड्यांत हीच युक्ती २००७ पासून आली आहे; तिथे वीज वरच्या तारेत परत जाते. सगळी परत मिळत नाही, आणि बॅटरीचे ओझेही बसला दिवसभर वाहावे लागते.

परत किती मिळेल ते पुष्कळसे चालकाच्या पायावर आहे. पुढचा सिग्नल लाल होणार हे ओळखून जो आधीच पाय उचलतो, त्याच्या गाडीला वीज परत मिळते. जो शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो, त्याची बरीचशी ब्रेकच्या घर्षणात जाते. थांबा दिसू लागताच मूठ मागे घेऊन गाडी नुसती घरंगळत आणणारा ट्रामचा जाणता मोटरमनही हेच करीत असे.