पॅकेट रेडिओ बुलेटिन बोर्ड

पॅकेट रेडिओ बुलेटिन बोर्ड : हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, संगणक आणि रेडिओसंच जोडून उभारलेली टपाल व सूचनाफलकाची व्यवस्था. तिला टेलिफोनची तार लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. परवानाधारक हॅम आपल्या संचावरून बोर्डाशी संपर्क जोडतो, आपल्या नावची पत्रे वाचतो, दुसऱ्यासाठी पत्र ठेवतो आणि सर्वांसाठीची पत्रके चाळतो. पत्र दूरच्या गावचे असेल तर बोर्ड ते शेजारच्या बोर्डाकडे सोपवतो, तो पुढच्याकडे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षे या जाळ्याने खंड जोडले होते. बोर्ड चालवणाऱ्याला सिसऑप म्हणतात. यंत्र, अँटेना, वीज आणि वेळ, सगळे त्याच्या पदरचे. शिवाय आपल्या यंत्रातून प्रसारित होणाऱ्या इतरांच्या शब्दांची जबाबदारीही बऱ्याच अंशी त्याच्यावरच.

उगम

एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक संगणकांनी कसे बोलावे, याचे पहिले मोठे उत्तर हवाई बेटांवर मिळाले. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठाने १९७१ साली अलोहानेट सुरू केले. मजकुराची छोटी पॅकेटे करायची आणि हवी तेव्हा पाठवायची. दोन पॅकेटे एकाच वेळी निघून बिघडली, तर दोघांनी थोडे थांबून पुन्हा पाठवायची. पद्धत सोपी होती, पण खर्चिक. या बेबंद पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्के वापरात येते, असे गणित सांगते. आधी कान द्या, वाहिनी मोकळी असेल तरच बोला, हा पुढचा नियम त्यातूनच रुजला.

हौशी रेडिओत पॅकेटे प्रथम आली ती कॅनडात. माँट्रियलच्या हॅमनी ३१ मे १९७८ रोजी पहिले प्रक्षेपण केले. व्हँकूवरच्या डग लॉकहार्ट यांनी टर्मिनल नोड कंट्रोलर, म्हणजे टीएनसी, तयार केला. संगणक आणि रेडिओ यांच्यामधला हा दुवा मजकुराची पॅकेटे बांधतो, त्यांचे सूर करतो आणि आलेल्या सुरांतून मजकूर परत उलगडतो. अमेरिकेत १९८० साली हौशी रेडिओवर आस्की या संगणकी अक्षरसंकेतांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात पॅकेटे पुढे पाठवणारे केंद्र सुरू केले. ॲरिझोनातील टक्सन ॲमॅच्युअर पॅकेट रेडिओ या संस्थेने १९८५ साली टीएनसी-२ हे संच बाजारात आणले. झेड-८० प्रोसेसरवर चालणाऱ्या या रचनेच्या आवृत्त्या अनेक कंपन्यांनी काढल्या आणि पॅकेट रेडिओ सामान्य हॅमच्या खिशाला परवडू लागला. सर्वांची भाषा एक झाली ती एएक्स.२५ या नियमावलीमुळे. अमेरिकन रेडिओ रिले लीगने तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर १९८४ मध्ये प्रसिद्ध केली.

बोर्डाला त्याचे रूप दिले हँक ओरेडसन यांनी. झेरॉक्स ८२० या संगणकासाठी त्यांनी लिहिलेला कार्यक्रम त्यांच्याच कॉलसाइनने, म्हणजे हॅमच्या ओळखसंकेताने, डब्ल्यू०आरएलआय म्हणून, ओळखला जाऊ लागला. पत्र साठवायचे आणि संधी मिळताच पुढच्या बोर्डाला आपोआप द्यायचे, ही रीत त्याने रुळवली. पुढे फ्रान्सच्या झाँ-पॉल रूबला यांचा एफबीबी आणि ब्रिटनच्या जॉन वाइजमन यांचा बीपीक्यू हे कार्यक्रम जगभर पसरले.

पॅकेटाची घडण

प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी ते कोणासाठी व कोणाकडून हे कॉलसाइनसह असते. मजकूर जास्तीत जास्त २५६ बाइट. शेवटी १६ बिटांची पडताळणी येते. ती जुळली नाही तर पॅकेट टाकून दिले जाते. पोच आली नाही, तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. पोचेची वाट न पाहता एका दमात ७ पॅकेटे पाठवण्याची मुभा असते.

अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात १२०० आणि २२०० हर्ट्‌झच्या दोन सुरांनी सेकंदाला १२०० बिट जातात, म्हणजे सगळे जमून आले तर १५० बाइट. इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात. त्यामुळे १५०० चिन्हांचे मराठी पत्र उत्तम परिस्थितीतही ३० सेकंद वाहिनी अडवते, इंग्रजी पत्र १०. लघुलहरींवर वेग आणखी उतरतो, सेकंदाला ३०० बिट. शिवाय एका वेळी एकानेच बोलायचे असते, एकेरी लोहमार्गावर समोरची गाडी येईपर्यंत थांबावे तसे. म्हणून बोर्ड उभारण्याचे सारे कसब वाहिनी वाटून घेण्यात आहे.

उभारणी

सामग्री मोजकी असते : एफएम रेडिओसंच, उंचावर बसवलेली अँटेना, चांगल्या प्रतीची केबल, टीएनसी, संगणक आणि वीज गेली तरी चालू राहील असा बॅटरीचा आधार. टीएनसीचे काम आता संगणकाचे साउंडकार्डही करते. डायरवुल्फ या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर बोर्ड चालतो. माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या किस पद्धतीने ही वाट मोकळी केली. टीएनसीने फक्त पॅकेटे आत-बाहेर करायची, बाकीची बुद्धी संगणकात ठेवायची, असा तिचा बेत आहे.

नवा सिसऑप बहुधा अडखळतो तो आवाजाच्या पातळीवर. टीएनसीतून रेडिओला जाणारा सूर फार मोठा झाला तर तो विकृत होतो. आपल्या खोलीतल्या दुसऱ्या संचावर सिग्नल भक्कम दिसतो, पण पलीकडे एकही पॅकेट उलगडत नाही. त्यामुळे शक्ती वाढवण्याआधी सुराची पातळी उतरवून पाहावी लागते.

त्यानंतर वेळेची गणिते. रेडिओ चालू झाल्यापासून मजकूर सुरू होईपर्यंतचा अवकाश १० मिलिसेकंदांच्या पटीत ठरवतात. ३० हा आकडा म्हणजे ३०० मिलिसेकंद. तो कमी पडला तर पॅकेटाचे तोंडच कापले जाते. जास्त ठेवला तर प्रत्येक पॅकेटामागे सगळ्यांचा वेळ फुकट जातो. वाहिनी मोकळी दिसली तरी लगेच बोलायचे की थांबायचे, हे यंत्र नशिबावर सोडते. ६३ हा आकडा दिला, तर दर खेपेस बोलण्याची शक्यता चारांत एक असते. चारजण एकदमच टपून बसलेले असतील, तर या चाळणीमुळे टक्कर बरीच टळते.

डोंगराळ मुलखात मात्र आधी ऐकून मग बोलण्याचा नियम फसतो. बोर्ड शिखरावर आणि दोन हॅम दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत असले, तर बोर्डाला दोघेही ऐकू येतात, पण त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते, दोघेही बोलतात आणि शिखरावर नुसता गोंधळ पोचतो. उंच जागा मिळाली म्हणून हुरळून जाणाऱ्या सिसऑपला हा अनुभव हमखास येतो. यावर उपाय म्हणजे पॅकेटे आखूड ठेवणे, एका दमात कमी पॅकेटे पाठवणे आणि बोर्डाबोर्डांमधली देवघेव वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर नेणे. या दुव्यासाठी अनेक ठिकाणी ४३० मेगाहर्ट्‌झचा पट्टा आणि जेम्स मिलर यांच्या रचनेचे ९६०० बिट वेगाचे मोडेम वापरले गेले.

टपालाची चाल

जोडणी झाली की बोर्ड थोडक्यात स्वागत करून आज्ञेची वाट पाहतो. वाहिनी जपायची म्हणून आज्ञाही एकदोन अक्षरी आहेत. ‘एल’ म्हटले की यादी येते, ‘आर’ आणि क्रमांक दिला की पत्र उघडते, ‘एसपी’ने खासगी पत्र व ‘एसबी’ने पत्रक लिहायला घेतात, ‘के’ने वाचून झालेले पत्र खोडतात आणि ‘बी’ने निरोप घेतात. खासगी हा शब्द इथे केवळ पत्ता दाखवतो. हौशी रेडिओत मजकूर सांकेतिक करून लपवता येत नाही, त्यामुळे ज्याचा संच त्या फ्रिक्वेन्सीवर आहे तो कोणीही ते पत्र वाचू शकतो.

प्रत्येक हॅमने एक बोर्ड आपले घर म्हणून नोंदवायचा असतो. या नोंदींची देवघेव होऊन जी सूची तयार होते तिला व्हाइट पेजेस म्हणतात. पत्त्यात बोर्डाच्या कॉलसाइनपुढे विभाग, राज्य, देश आणि खंड क्रमाने येतात. दूरचा बोर्ड फक्त खंड किंवा देश पाहून दिशा ठरवतो; गल्लीबोळ ओळखण्याचे काम जवळच्याचे.

पत्रकांचा प्रश्न वेगळा. तेच पत्रक तीन शेजाऱ्यांकडून तीनदा आले, तर वाहिनी त्यातच बुडेल. म्हणून जगासाठी निघणाऱ्या प्रत्येक पत्रकाला १२ अक्षरांपर्यंतचा ओळखक्रमांक मिळतो. एफबीबी पद्धतीत बोर्ड आधी एकदम पाचपर्यंत प्रस्ताव मांडतो. समोरचा ज्यांचे क्रमांक त्याच्याकडे आहेत त्यांना नकार देतो आणि उरलेली पत्रे संक्षेपित होऊन निघतात. जुनी पत्रके ठरावीक दिवसांनी पुसणे, चुकलेले पत्ते सुधारणे, अडकलेली पत्रे सोडवणे ही सिसऑपची रोजची झाडलोट. तुकडे करून पाठवलेल्या मोठ्या फाइलींनी रांग तुंबू नये, हेही तोच पाहतो.

जबाबदारी कोणाची?

हौशी रेडिओवर व्यापारी मजकूर चालत नाही आणि प्रत्येक प्रक्षेपणाला परवानाधारक उत्तरदायी असतो. बोर्ड तर सिसऑप झोपलेला असतानाही पत्रे पाठवत असतो. आखाती युद्धाच्या काळात, १९९१च्या सुरुवातीला, अमेरिकेत हा पेच उघडा पडला. युद्धविरोधी आवाहन करणारे एक पत्रक जाळ्यातून फिरले. त्यात शुल्क आकारणाऱ्या टेलिफोन सेवेचा क्रमांक होता. ते आपोआप पुढे पाठवणाऱ्या बोर्डांच्या चालकांनाही फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नोटिसा धाडल्या. प्रत्येक ओळ वाचूनच पुढे पाठवायची म्हटले, तर स्वयंचलित टपाल संपलेच. १९९४ साली नियम बदलला. मजकुराची मुख्य जबाबदारी लिहिणाऱ्याच्या केंद्रावर आली. पहिल्या बोर्डाने लिहिणाऱ्याची ओळख पटवायची, नाहीतर जबाबदारी स्वतःकडे घ्यायची असे ठरले. त्यामुळे मधल्या बोर्डांचा श्वास मोकळा झाला.

आकाशातले बोर्ड

जपानचा फुजी-ऑस्कर १२ हा उपग्रह ऑगस्ट १९८६ मध्ये कक्षेत गेला. त्यात पत्रपेटी होती : एका देशावरून जाताना पत्र घ्यायचे, दुसऱ्यावर आल्यावर द्यायचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर पॅकेटे पुढे पाठवण्याची सोय झाली. भारतानेही या मालिकेत भाग घेतला. १ एप्रिल २०१९ रोजी निघालेल्या पीएसएलव्ही-सी४५च्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट इंडियाचे पॅकेटे परत पाठवणारे उपकरण होते. उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा टप्पा कक्षेत प्रयोगासाठी वापरण्याच्या इस्रोच्या उपक्रमाचा तो भाग होता.

सद्यःस्थिती

१९९०च्या दशकात इंटरनेट घरोघरी आले आणि बोर्डांची गर्दी ओसरली. अनेक दुवे इंटरनेटवरून जोडले गेले, काही बंद पडले. पॅकेट तंत्र मात्र टिकले. बॉब ब्रुनिंगा यांच्या एपीआरएसमधून ठिकाण आणि हवामानाच्या नोंदी आजही एएक्स.२५ मधूनच जातात. पॅकेट रेडिओच्या सुरुवातीच्या काळातला एक ठेवा पुढे अनपेक्षितपणे मोलाचा ठरला : १९८१ साली हँक मॅग्नुस्की यांनी हौशी रेडिओसाठी मिळवलेला, ४४ने सुरू होणारा सुमारे १ कोटी ६७ लाख इंटरनेट पत्त्यांचा संच. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा ॲमेझॉनला विकला गेला. त्या पैशातून ॲमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स ही संस्था जगभरच्या हौशी रेडिओ व दळणवळण प्रकल्पांना अनुदान देते. एफबीबी आणि बीपीक्यूच्या सुधारित आवृत्त्या लिनक्सवर चालतात. युरोप-अमेरिकेत रात्री ठरल्या वेळी बोर्ड अजून एकमेकांना प्रस्ताव मांडतात आणि पत्रे बदलून घेतात.