कप्पीवरील ताण व परिबल

कप्पीवरील ताण व परिबल : कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या दोन बाजूंच्या ताणांतील फरक आणि त्या फरकामुळे कप्पीला मिळणारे फिरते बल यांचा संबंध. दोरीत सर्वत्र ताण सारखा असतो, असे शाळेत शिकवतात. दोरी बिनवजनाची, कप्पी बिनवजनाची आणि आस घर्षणरहित असेल तरच ते खरे. यांपैकी कप्पीचे वजन हिशेबात धरले, की कप्पीची गती बदलत असताना दोन्ही बाजूंचे ताण वेगळे होतात. ते वेगळे नसते, तर कप्पीला गती घ्यायला काही कारणच उरले नसते.

बल गुणिले आसापासूनचे लंब अंतर म्हणजे परिबल. दोरी कप्पीच्या घेराला स्पर्शिकेसारखी लागते, म्हणून हे अंतर कप्पीच्या त्रिज्येएवढे असते. दोन्ही ताण कप्पीला परस्परविरुद्ध दिशांनी फिरवू पाहतात. ताणांतील फरकाला त्रिज्येने गुणले की निव्वळ परिबल मिळते. आसाचे घर्षण सोडल्यास ते कप्पीचे निरूढी परिबल (फिरण्याच्या बाबतीतले जडत्व) आणि कोनीय त्वरण यांच्या गुणाकाराएवढे असते.

याचे अभिजात उदाहरण म्हणजे अ‍ॅटवुडचे यंत्र. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणारे जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. मोकळी पडणारी वस्तू इतक्या वेगाने पडते, की त्या काळच्या लंबकाच्या घड्याळाने तिची गती मोजणे अवघड होते. म्हणून कप्पीच्या दोन्ही बाजूंना सारखी वजने टांगायची आणि एका बाजूला अगदी थोडे जादा वजन ठेवायचे. पडणे मंद होते, नियम मात्र तोच राहतो. घर्षण कमी व्हावे म्हणून कप्पीचा आस चार छोट्या चाकांवर टेकवलेला होता. जादा वजन पट्टीच्या आकाराचे असे. खाली जाताना ते वाटेतल्या कड्यावर अडकून मागे राही आणि पुढची गती एकसारख्या वेगाने होई. अ‍ॅटवुड यांनी चाकांच्या जडत्वाकडे काणाडोळा केला नाही. ते २¾ औंस वजनाच्या जडत्वाएवढे धरून त्यांनी हिशेबात घेतले आणि एकूण हलणारे वस्तुमान जादा वजनाच्या ६४ पट होईल अशी जुळणी केली. त्यामुळे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १/६४ झाले आणि पहिल्या सेकंदात वजन सुमारे ३ इंच उतरू लागले.

एका बाजूला ३ किग्रॅ., दुसऱ्या बाजूला २ किग्रॅ. आणि मध्ये २ किग्रॅ.ची भरीव तबकडीसारखी कप्पी घेऊ. भरीव तबकडीचे जडत्व घेरावर ठेवलेल्या तिच्या निम्म्या वस्तुमानाएवढे, म्हणजे येथे १ किग्रॅ.एवढे धरता येते. १ किग्रॅ.च्या जादा वजनाला एकूण ६ किग्रॅ. हलवायचे आहेत; त्वरण ९.८ भागिले ६, म्हणजे सुमारे १.६३ मी./से.². उतरणाऱ्या बाजूचा ताण २४.५ न्यूटन आणि चढणाऱ्या बाजूचा सुमारे २२.८७ न्यूटन येतो. उरलेले १.६३ न्यूटन कप्पीच्या वाट्याला जातात. कप्पी बिनवजनाची धरली असती, तर दोन्हीकडे २३.५२ न्यूटन आले असते. त्रिज्या या गणितातून गळून पडते. तेवढ्याच वजनाची कप्पी दुप्पट मोठी घेतली तरी त्वरण तेच राहते. ते बदलते वस्तुमानाच्या मांडणीने: सगळे वजन कडेला असलेली कड्यासारखी कप्पी घेतली, तर त्वरण १.४ मी./से.² इतके उतरते.

जड कप्पी म्हटली की ताण वेगळे, असे विद्यार्थी धरून चालतात. ते बरोबर नाही. दोन्ही वजने सारखी असली, तर कप्पी कितीही जड असो, स्थिर असो वा एकसारख्या वेगाने फिरत असो, घर्षण नसल्यास दोन्ही ताण सारखेच. फरक लागतो तो वेग बदलताना.

शिवाय दोरीने कप्पीला धरून ठेवले पाहिजे. खाच पूर्ण गुळगुळीत असेल, तर दोरी नुसती घसरते, कप्पी जागची हलत नाही आणि तिचे वजन गणितात येतच नाही. दोरी न घसरता दोन ताणांचे गुणोत्तर किती होऊ शकते, याचे सूत्र ऑयलर व आयटेलव्हाइन यांच्या नावाने ओळखले जाते. ही मर्यादा घर्षणांक आणि वेढ्याचा कोन यांच्याबरोबर घातांकी रीतीने वाढते. घर्षणांक ०.३ आणि अर्धा वेढा असेल, तर ती सुमारे २.५७ येते. वरच्या उदाहरणात गुणोत्तर जेमतेम १.०७ असल्यामुळे तेथे दोरी घसरण्याचा प्रश्न येत नाही.

आसाच्या घर्षणाची गोष्ट निराळी. ते एकसारख्या वेगातही ताणांत फरक पाडते. महाराष्ट्रातील विहिरींवरच्या मोटेत बैल धावेवरून (त्यांच्या उतरत्या वाटेवरून) एका चालीने उतरत, तेव्हा चाकाच्या जडत्वाचा भार जवळजवळ नसे. तरी बैलांकडच्या नाड्यातला (जाड दोरातला) ताण मोटेकडच्या ताणाहून जास्त असे, कारण आसावरचे घर्षण चाकाला अडवी. हे अडवणारे परिबल घर्षण गुणिले आसाची त्रिज्या एवढे असते, तर बैलांच्या ओढीला चाकाची पूर्ण त्रिज्या मिळते. म्हणून येथे आकाराला महत्त्व येते: आस बारीक, चाक मोठे आणि वंगण भरपूर, तर ओढ हलकी.

लिफ्टमध्ये हा ताणांतील फरक मोटर पुरवते. पाळणा एका बाजूला आणि प्रतिभार दुसऱ्या बाजूला असतो. प्रतिभार सामान्यतः रिकामा पाळणा अधिक पूर्ण क्षमतेच्या ४० ते ५० टक्के एवढा ठेवतात, म्हणजे मोटरला सगळे वजन नव्हे, फक्त फरक उचलावा लागतो. दोर चाकाला बांधलेले नसतात, खाचेतल्या घर्षणानेच ओढले जातात. पकड वाढावी म्हणून खाचांना विशिष्ट आकार देतात. प्रतिभार तळाच्या धक्काशोषकावर टेकला, की त्या बाजूचा ताण जवळजवळ शून्यावर येतो आणि गुणोत्तर मर्यादेबाहेर जाते. मग मोटर फिरत राहिली तरी चाक दोरांखाली नुसते घसरते आणि पाळणा छतावर आदळत नाही.