दहा पायऱ्यांची यादी: रिअल इस्टेट विद्यापीठात आली त्याची गोष्ट

‘मी रिअल इस्टेटमध्ये पीएचडी करणार’ असं तुम्ही घरी सांगितलंत, तर पहिला प्रश्न बहुधा हाच येईल: “दलालीच करायची तर पीएचडी कशाला?” प्रश्न खोचक आहे, पण त्याने बोट बरोबर जागी ठेवलं आहे. कारण हा विषय विद्यापीठात आला तोच मुळी दलालांच्या गरजेतून. आणि आल्यावर त्याने काय केलं, हे संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं, विषय कुठलाही असो. माझी स्वतःची पार्श्वभूमी विज्ञानाची. तरीही ‘व्हेरिएबल कुठून आलं?’ हा प्रश्न समजावून सांगायला मला या इतिहासाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

दलालांना प्रतिष्ठा हवी होती

१९०८ साली शिकागोमध्ये अमेरिकेतल्या रिअल इस्टेट मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या काळी हा धंदा कुणीही करू शकत असे. ना शिक्षणाची अट, ना परवाना. फूटपाथवर उभं राहून गिऱ्हाईक गाठणाऱ्यांपासून ते मोठ्या पेढ्यांपर्यंत सगळे एकाच नावाने ओळखले जात. प्रस्थापित व्यावसायिकांना हे खटकत होतं. डॉक्टर आणि वकील यांच्यासारखी पत आपल्यालाही मिळावी असं त्यांना वाटे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: सरकारी परवाना, आचारसंहिता आणि विद्यापीठातला अभ्यासक्रम. पहिल्या दोन गोष्टींसाठी संघटना पुरेशी होती. तिसरीसाठी प्राध्यापक हवा होता.

तो मिळाला रिचर्ड एली यांच्या रूपाने. एली म्हणजे लहान नाव नव्हे. १८८५ साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन स्थापन करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना, १८९४ साली, संपांना पाठिंबा दिल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली होती आणि त्यातून ते निर्दोष सुटले होते. याच एलींनी १९२० साली विस्कॉन्सिनमध्ये भूमी-अर्थशास्त्राची संशोधन संस्था काढली. १९२५ मध्ये ती शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेली आणि त्याच वर्षी तिचं नियतकालिक सुरू झालं. ते ‘लँड इकॉनॉमिक्स’ या नावाने आजही निघतं.

संस्थेला पैसा रेल्वे आणि वीज-गॅस कंपन्यांकडून, रिअल इस्टेट व्यावसायिकांकडूनही आला. त्यावरून टीका झालीच. विशेषतः जमिनीच्या वाढत्या भावावर कर लावावा म्हणणाऱ्या हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायांनी एलींवर कडाडून हल्ला चढवला. पण माझ्या मते खरी अडचण देणगीच्या थोडी पुढे आहे. ती पाठ्यपुस्तकांत आहे.

एलींच्या संपादनाखाली मॅकमिलनने पुस्तकांची एक मालिका काढली. १९२३ साली अर्नेस्ट फिशर यांचं रिअल इस्टेट व्यवसायाच्या तत्त्वांवरचं पुस्तक आलं, १९२४ साली फ्रेडरिक बॅबकॉक यांचं मालमत्तेच्या मूल्यांकनावरचं. आता विचार करा, या पुस्तकांत लिहायचं काय? विषय नवा, मोजमाप झालेलं जवळपास काहीच नाही. मग अनुभवी व्यावसायिकांना जे ‘माहीत’ होतं, तेच तत्त्व म्हणून छापलं गेलं. त्यातलंच एक असं, की विशिष्ट वंशाचे लोक वस्तीत आले की आजूबाजूच्या मालमत्तेचे भाव पडतात. पुरावा? हे तर सगळेच बघतात, एवढाच. १९२४ मध्ये राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेत ३४वं कलम घातलं. ज्या लोकांच्या येण्याने भाव पडतील, त्यांना वस्तीत आणायला व्यावसायिकाने कधीही हातभार लावू नये, असा त्याचा आशय. बाजारातली समजूत पुस्तकात गेली आणि आचारसंहितेतही गेली. ती तपासायचं काम कुणाचंच नव्हतं.

शंभर वर्षांचा डेटा

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. होमर हॉइट वकिलीही शिकले होते, अर्थशास्त्रही, आणि शिकागोत जमीन-मालमत्तेच्या व्यवसायातही होते. १९२०च्या दशकातली तेजी आणि नंतरची घसरण त्यांनी जवळून पाहिली. मग त्यांनी शिकागो विद्यापीठात पीएचडीसाठी एक साधा पण अफाट प्रश्न घेतला: १८३० ते १९३३ या काळात शिकागोच्या जमिनीचे भाव कसे बदलले, आणि का?

१८३० मध्ये शिकागो म्हणजे चिखलातली एक लहानशी वस्ती होती. १९३०च्या जनगणनेत तिथे ३३ लाखांहून जास्त लोक होते. एकाच आयुष्याएवढ्या काळात उभं राहिलेलं शहर, आणि त्याच्या २११ चौरस मैलांचे भाव हॉइट यांना हवे होते. त्यांनी विक्रीच्या नोंदी काढल्या, जुनी वर्तमानपत्रं चाळली, रस्त्यागणिक जमिनीचे भाव देणारी ‘ब्लू बुक’ नावाची वार्षिक वही वापरली आणि नकाशे काढले. त्यातून पाच मोठ्या तेजी दिसल्या. पहिली १८३६च्या सुमाराची, कालव्याच्या नुसत्या आशेवर चढलेली. शेवटची १९२०च्या दशकातली. दर वेळी लोकसंख्या, बांधकाम आणि कर्ज एकमेकांच्या मागे कसे धावतात, हे त्यांनी दाखवलं. हा प्रबंध १९३३ साली पुस्तकरूपात आला आणि शहरांचा अभ्यास करणारे आजही तो उघडतात. कष्ट म्हणजे काय हे बघायचं असेल तर तुम्हीही उघडा.

पण त्याच पुस्तकात एक यादी आहे.

वेगवेगळे वंश आणि राष्ट्रीयत्वं यांचा जमिनीच्या भावावर होणारा परिणाम, चांगल्याकडून वाईटाकडे, अशा दहा पायऱ्या. सगळ्यात वर इंग्लिश, जर्मन, स्कॉच, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन. मग उत्तर इटालियन, चेक, पोलिश, लिथुएनियन, ग्रीक. त्याखाली गरीब रशियन ज्यू आणि दक्षिण इटालियन. नवव्या पायरीवर कृष्णवर्णीय आणि दहाव्यावर मेक्सिकन.

ही यादी आली कुठून? शंभर वर्षांच्या विक्री-नोंदींतून नाही. शिकागोच्या वेस्ट साइडवर धंदा करणाऱ्या एका रिअल इस्टेट व्यावसायिकाने ती आपल्या अनुभवावरून दिली होती. म्हणजे बघा, ज्या पुस्तकात भावाचा आकडा मिळवायला एवढी धडपड केली, त्याच पुस्तकात माणसांची उतरंड एका माणसाच्या तोंडी माहितीवर उभी राहिली.

हॉइट यांना याची जाणीव नव्हती असंही नाही. वंशाच्या अंगभूत गुणांबद्दल ही क्रमवारी शास्त्रीयदृष्ट्या चुकीची असू शकते, असं त्यांनी यादीजवळच नोंदवलं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की लोकांचा पूर्वग्रह भावात उमटतो, म्हणून भावाचा अभ्यास करणाऱ्याने तो नोंदवला पाहिजे. मांडणी वरवर निर्दोष वाटते. पूर्वग्रह मोजणं आणि पूर्वग्रह बाळगणं यांत फरक आहेच. मात्र इथे पूर्वग्रह मोजलाही नव्हता. तो फक्त विचारून लिहून घेतला होता.

प्रबंधातून सरकारी नियमात

१९३४ साली महामंदीच्या काळात अमेरिकेत फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झालं. हे कार्यालय स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरवत असे. त्याआधी घराच्या किमतीच्या साधारण निम्मंच कर्ज मिळे आणि तेही थोड्या वर्षांत फेडावं लागे. आता ८० टक्क्यांपर्यंत आणि २० वर्षांपर्यंतचं कर्ज शक्य झालं. सामान्य पगारदाराला स्वतःचं घर घेता येऊ लागलं ते यामुळे.

पण विमा कुठल्या घरावर द्यायचा, हे ठरवायला तज्ज्ञ हवे होते. त्या वेळी मालमत्ता-मूल्यांकनातले विद्वान किती असणार? बॅबकॉक यांच्याकडे विम्यासाठी मालमत्ता पारखण्याचं खातं आलं. फिशर आर्थिक अभ्यासाचे प्रमुख झाले. आणि हॉइट मुख्य गृहनिर्माण-अर्थतज्ज्ञ. विषयाची पुस्तकं लिहिणारी माणसंच आता देशाचे नियम लिहू लागली.

हॉइट यांची दहा पायऱ्यांची यादी एफएचएने जशीच्या तशी उचलली, असं मी म्हणत नाही. तशी गरजही नव्हती, कारण समज सगळ्यांचा एकच होता. १९३६ आणि १९३८च्या एफएचए मार्गदर्शिकांत मूल्यमापकाला सांगितलं होतं, की वस्तीत ‘न जुळणारे’ वांशिक आणि सामाजिक गट आहेत का ते बघावं. हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही, अशा खरेदीखतातल्या अटी वस्तीच्या स्थैर्यासाठी चांगल्या मानल्या गेल्या. ‘शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं असू शकतं’ हे वाक्य तिथे पोहोचलं नाही. प्रबंधातली सावधगिरीची ओळ सहसा प्रबंधातच राहते. पुढे जातो तो तक्ता.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखा विचार करू. समजा, पाण्याचं तापमान मोजायला तुम्ही थर्मामीटर लावलात, आणि तो हीटरला अशा रीतीने जोडला आहे की रीडिंग कमी आलं की हीटर बंद होतो. मग चुकून एकदा कमी रीडिंग आलं, तरी पाणी खरोखर गार होत जाईल, आणि पुढची प्रत्येक नोंद पहिल्या चुकीला दुजोरा देईल. इथे तेच झालं. भाव पडणार म्हणून विमा नाही. विमा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, दुरुस्तीला पैसा नाही. मग भाव पडले, आणि तज्ज्ञ म्हणाले, आम्ही सांगितलंच होतं.

तपासणी कुणी केली

यावर आतूनच प्रश्न विचारणारे लोक होते. रॉबर्ट वीव्हर या कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञाने १९३४ साली हार्वर्डमधून पीएचडी घेतली. १९४८ मध्ये ‘द निग्रो गेटो’ या पुस्तकात त्यांनी कृष्णवर्णीय वस्त्या कशा घडवल्या गेल्या हे मांडलं. हेच वीव्हर पुढे १९६६ मध्ये अमेरिकेचे पहिले गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्री झाले. १९४८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात निकाल दिला, की खरेदीखतातल्या वांशिक अटींची अंमलबजावणी न्यायालयं करू शकत नाहीत. घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा देशव्यापी कायदा यायला मात्र १९६८ उजाडलं.

आणि मूळ दावा? त्याची मोठी, नीट रचलेली तपासणी लुइजी लॉरेंटी यांनी केली आणि ती १९६० साली प्रसिद्ध झाली. १९४३ ते १९५५ या काळातले सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फियामधले सुमारे १० हजार विक्री-व्यवहार त्यांनी घेतले. पद्धत तुमच्या ओळखीची आहे: जिथे कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली अशी एक वस्ती, आणि तिच्याशी मिळतीजुळती पण पूर्ण गोरी राहिलेली दुसरी वस्ती. म्हणजे टेस्ट आणि कंट्रोल. सुमारे ८५ टक्के तुलनांमध्ये पहिल्या वस्तीतले भाव दुसरीच्या बरोबरीने राहिले किंवा तिच्यापेक्षा जास्त वाढले.

फिशर यांचं पुस्तक १९२३चं, ही तपासणी १९६०ची. मधल्या ३७ वर्षांत अमेरिकेची उपनगरं उभी राहिली. कुणाच्या घराला कर्ज मिळालं आणि कुणाच्या नाही, हे ठरून गेलं. आईवडिलांचं घर मुलांकडे जातं, म्हणून तो फरक पुढच्या पिढीतही उतरला.

तुमच्या टेबलावरचा डेटा

उद्या तुम्ही महाराष्ट्रातल्या घरांच्या भावावर काम करायचं ठरवलंत, तर तीन गोष्टी हाताशी येतील. रेडी रेकनरचे दर, दस्तनोंदणीची सूची क्रमांक २, आणि महारेराच्या संकेतस्थळावरची प्रकल्पांची माहिती. तिन्ही उपयोगी आहेत. पण रेडी रेकनर मुद्रांक शुल्क वसूल करण्यासाठी बनतो. सूची क्रमांक २ मध्ये दस्तात लिहिलेली रक्कम असते, रोखीत दिलेली नव्हे. महारेरावरची माहिती विकासक स्वतः भरतो, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्तीच नाही. प्रत्येक आकडा कुणीतरी, कशासाठी तरी लिहिलेला आहे.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एक काम करा. तुमच्या प्रत्येक व्हेरिएबलपुढे तीन प्रश्न लिहा. हे कुणी नोंदवलं? कशासाठी नोंदवलं? आणि माझ्या निष्कर्षावर कुणी कृती केली, तर हाच आकडा बदलेल का? ‘चांगली वस्ती’, ‘प्रीमियम एरिया’, ‘गिऱ्हाईकांची पसंती’ असे शब्द एजंटकडून आले असतील, तर ती मुलाखतीतली मतं आहेत. ती मतं म्हणूनच कोष्टकात जाऊ द्या, आणि कुणाची मतं आहेत ते त्याच कोष्टकात लिहा, तळटीपेत नको. कोष्टक उचलणारा माणूस तळटीप उचलेलच असं नाही.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. दलाली करायला पीएचडी लागत नाही, हे खरंच आहे. दलाल जे सांगतो ते तपासायला लागते. ते काम वेळेवर झालं नाही, तर त्याची किंमत कोण मोजतं, हे शिकागोच्या नवव्या आणि दहाव्या पायरीवरच्या माणसांना विचारा.