पानावरून झाड, झाडावरून काळ

रामनवमीच्या यात्रेस तांड्यातांड्यांतून बंजारा भाविक पोहरादेवीला लोटतात. ज्या काळ्या पाषाणावरून ते चालतात, त्याचा बखरकार कोण, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू : झाडाचे पान.

वऱ्हाडचा हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्हात काहीच जगत नाही. पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचली, रान माजले, पाने-फळे गाळात पुरली गेली, आणि पुढच्या लाव्हाने तो गाळ झाकला. नागपूरच्या टाकळीतील असे थर हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनी तपासले आणि १८५५ साली त्यांची हकीकत लंडनला प्रसिद्ध केली.

दगडातले पान ओळखणे मात्र सोपे नाही. वड आणि पिंपळ एका कुळातले, पण पाने निराळी. उलट काही परक्या झाडांची पाने जुळ्यांसारखी. म्हणून अभ्यासक नुसत्या आकारावर विसंबत नाही. मधल्या शिरेपासून उपशिरा कोणत्या कोनात निघतात, काठाशी कशा वळतात, काठ सलग की दातेरी, हे तो मोजतो आणि हयात झाडांच्या वाळविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो. सलग काठाची पाने उष्ण प्रदेशात अधिक, हे बेली व सिनॉट यांनी १९१५ मध्ये दाखविले. त्यामुळे अनेक जातींची पाने एकत्र मिळाली की हवामानही उमगते. नव्या जातीस नाव द्यावयाचे तर वर्णन व चित्र छापावे लागते, मूळ नमुना जपावा लागतो. पानाचे नाव वेगळे, खोडाचे वेगळे. दोन्ही जोडलेली सापडेपर्यंत ती एकाच झाडाची असे ठासून म्हणता येत नाही.

या सावधपणावर मोठा निकाल अवलंबून होता. आपला लाव्हा क्रेटेशियस काळातला की नंतरच्या टर्शरी काळातला? बिरबल साहनी यांनी १९३४ साली वनस्पतींच्या साक्षीने टर्शरीचा पक्ष घेतला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे निपा ताडाचे फळ मिळाले. हा ताड आज खाडीच्या चिखलात वाढतो. म्हणजे मध्य भारतात तेव्हा खारे पाणी जवळ असावे! पुढे किरणोत्सर्गी मोजणीने बराचसा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, दोन्ही काळांच्या सीमेवरचा ठरला. तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती.

म्हणून आमची विनंती एवढीच : खडी फोडताना काळ्या थरांमध्ये पांढरट किंवा गारेसारखा थर लागला, तर घण घालण्यापूर्वी तो निरखून पाहावा. या बखरीची दुसरी प्रत नाही.