नाव नसलेले दुखणे आणि एकमेकींचा आधार

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तेव्हा तुम्हीही चार ओळी लिहाच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एरवी मी एखादी पाककृती देऊन सुटते. यंदा मात्र निराळा विषय घेतला आहे. रक्त तपासले तर काही सापडत नाही आणि तरी माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळतो, अशा एका दुखण्याची ही हकीकत आहे. इंग्रजीतील माहिती माझ्या धाकट्या मुलीने वाचून सांगितली. ती नर्सिंगचा कोर्स करते. मांडणी माझी आहे.

हाच विषय का, तेही सांगते. २०२१ साली मला कोविड झाला. ताप आठ दिवसांत गेला, पण अंगातली शक्ती काही परत आली नाही. एक बादली कपडे वाळत घातले, की दुसऱ्या दिवशी उठवत नसे. ओळखीच्या वस्तूंची नावे आठवत नसत. तपासण्या साऱ्या स्वच्छ आल्या. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, मन रमवा,’ असे एका दवाखान्यात सांगण्यात आले. दीड वर्षाने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, ‘विषाणूच्या तापानंतर असे दुखणे मागे राहते. हे नवे नाही.’ या शेवटच्या शब्दांनी मला केवढा धीर आला! आपल्याआधी हे कोणी सोसले आणि त्यांनी काय केले, हे जाणून घ्यावेसे वाटले.

तर ऐका. १९३४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात पोलिओची साथ चालू होती. तेथील मोठ्या सरकारी इस्पितळातील १९८ कर्मचारी आजारी पडले. त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. दुखणे पोलिओसारखे वाटे, पण पोलिओसारखे हातपाय कायमचे लुळे पडत नसत; अशक्तपणा मात्र महिनोन् महिने हटत नसे. १९४८ साली आइसलंड देशातील अकुरेरी गावात असेच शेकडो लोक आजारी पडले.

त्यानंतर १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात जे घडले, ते सर्वांत प्रसिद्ध आहे. हे इस्पितळ आपल्यालाही अगदी परके नव्हे. १८७७ पासून लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेतील विद्यार्थिनींना रुग्णांजवळ बसून शिकण्याची सोय येथे झाली होती. आपल्या डॉ. रखमाबाई त्याच शाळेच्या विद्यार्थिनी. या इस्पितळातील २९२ कर्मचारी त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबरच्या दरम्यान आजारी पडले. त्यांतील २५५ जणांना खाटेवर ठेवावे लागले. २५ जुलै ते ५ ऑक्टोबर इस्पितळ बंद ठेवावे लागले. परीक्षेत फारसे काही सापडले नाही. पण स्नायू दुखत, तोल जाई, झोप बिघडे आणि कित्येकजणी पुढे वर्षानुवर्षे बऱ्या झाल्या नाहीत. या दुखण्याला पुढे ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ असे लांबलचक नाव मिळाले, थोडक्यात एम. ई.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीचे जुने कागद चाळले आणि ही साथ म्हणजे हिस्टेरिया, मनाचा खेळ, असे ब्रिटनच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात जाहीर केले. आजाऱ्यांपैकी एकीलाही त्यांनी तपासले नव्हते. आणि त्यांच्या कारणांपैकी एक कारण काय, तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त! डॉ. मेल्विन रॅमझे यांनी त्याच इस्पितळात ते रुग्ण स्वतः पाहिले होते. ते अखेरपर्यंत सांगत राहिले, की हे शरीराचेच दुखणे आहे. पण त्यांचे ऐकणारे थोडे निघाले. ‘काही नाही, मनाचे आहे’ हा शिक्का बसला, तो अनेक वर्षे पुसला गेला नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, म्हणतात ते उगीच नव्हे.

मग आजाऱ्यांनी काय केले? त्यांनी एकमेकांना शोधले. १९७६ साली ब्रिटनमध्ये एम. ई. असोसिएशन निघाली. घराबाहेर पडता येत नाही, तर पत्रे लिहावीत, वार्तापत्र काढावे, अशी रीत पडली. १९८६ साली स्यू फिनले नावाच्या एका आजारी बाईने एका इंग्रजी वर्तमानपत्रात डॉक्टर न ओळखणाऱ्या या आजारावर लेख लिहिला आणि हजारो पत्रे आली. प्रत्येकीला वाटत होते, की असे फक्त मलाच होते! त्यातून १९८७ साली दुसरी संस्था उभी राहिली. तिला बळ देणाऱ्या क्लेअर फ्रान्सिस बाई पूर्वी एकटीने शिडाच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडलेल्या. त्यांनाही याच दुखण्याने घरी बसवले होते. अशा बाईला आळशी कोण म्हणेल?

या पत्रांतून धीर मिळाला, तसे उपायही मिळाले. त्यांतला सर्वांत मोलाचा उपाय आपल्या म्हणीतच आहे : अंथरूण पाहून पाय पसरावे. या आजाराची खूण अशी, की ताकदीबाहेर श्रम केले तर त्याच दिवशी नव्हे, पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे उसळते. म्हणून दमण्याआधीच थांबावयाचे. ल्युपस नावाच्या निराळ्या जुनाट आजाराने त्रस्त असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो या अमेरिकन बाईने २००३ साली हे फार छान समजावले. मैत्रिणीच्या हातात तिने बारा चमचे दिले आणि सांगितले, ‘ही तुझी दिवसाची शक्ती. अंघोळीला एक चमचा गेला, स्वयंपाकाला एक गेला. आता सांग, संध्याकाळपर्यंत किती उरतील?’ मीही आता सकाळी उठल्यावर चमचे मोजते. पोळ्या केल्या त्या दिवशी केर दुसऱ्याने काढावयाचा, हा आमच्या घरचा नियम झाला आहे.

तज्ज्ञ मात्र बराच काळ उलट सांगत होते, की व्यायाम हळूहळू वाढवा म्हणजे बरे वाटेल. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर प्रयोग करून २०११ साली तसा निष्कर्ष छापण्यात आला. आजारी लोक सांगत होते, की आम्ही याने अधिक खालावतो. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने कायद्याच्या आधारे प्रयोगाचे आकडे मागितले. २०१६ साली न्यायाधिकरणाने ते द्यावयास लावले. बरे होण्याची मोजपट्टी मध्येच सैल केली गेली होती. मूळ मोजपट्टी लावताच बरे झालेल्यांची संख्या फारच कमी भरली. अखेर २०२१ साली ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक नियमांतून तो चढत्या व्यायामाचा सल्ला काढण्यात आला. अमेरिकेच्या वैद्यकीय अकादमीनेही २०१५ साली हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे स्पष्ट केले होते.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकीला गुण आला म्हणून सर्वांना येतोच असे नाही. नॉर्वे देशातील बर्गेनच्या डॉक्टरांना दिसले, की कर्करोगाच्या एका औषधाने एम. ई. असलेल्या रुग्णालाही बरे वाटले. तीस जणांवर प्रयोग झाला, तेव्हा आशा वाढली. पुढे १५१ जणांवर नीट प्रयोग झाला. २०१९ साली कळले, की औषध घेतलेले आणि औषधाविना सलाईन घेतलेले, दोघांत फरक नाही. म्हणून विश्रांतीची युक्ती, कामाची वाटणी, झोपेची शिस्त एकमेकींना जरूर सांगावी. गोळी आणि काढा मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

अजून या दुखण्यावर हमखास औषध नाही. खात्रीची रक्तपरीक्षाही नाही. पण वाट उजळत आहे. कोविडनंतरच्या दुखण्याला ‘लाँग कोविड’ हे नाव २०२० साली एलिसा पेरेगो या इटालियन बाईने दिले. त्या स्वतः आजारी होत्या आणि डॉक्टर नव्हत्या, पुरातत्त्वज्ञ होत्या. ब्रिटनमधील एका संशोधनात रुग्णांनी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने काम केले. १५,५७९ आजाऱ्यांच्या लाळेचे नमुने तपासून आनुवंशिक रचनेत आठ ठिकाणी फरक आढळले, असे २०२५ साली जाहीर झाले. ‘मनाचे आहे’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळाला यातून काय घेता येईल? कोणी सारखी थकवा सांगू लागली, तर प्रथम तिला डॉक्टरांकडे न्यावे. रक्त कमी असणे, थायरॉईड, साखर ही कारणे आधी तपासून घ्यावीत. बरा होणारा आजार अंगावर काढू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर ‘जरा फिरून ये, बरे वाटेल’ असे न म्हणता तिचे म्हणणे खरे धरावे. तिने रोजच्या श्रमाची व दुखण्याची नोंद वहीत ठेवावी. डॉक्टरांना ती उपयोगी पडते. हळदीकुंकवाला ती आली नाही तर वाण तिच्या घरी पोचवावे, दहा मिनिटे बसावे आणि उठताना चार भांडी घासून यावी. तिला बोलावणे मात्र कधी थांबवू नये.

लंडनच्या त्या परिचारिकांना एवढेच हवे होते, की कोणी तरी आपल्यावर विश्वास ठेवावा. तो ठेवावयास पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. आपल्या मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यात या कामालाही जागा मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देते.